गटाने कॅम्पिंगला जाताना तंबू कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटाची सहल ठरली की मला आठवडाभर आधी फोन येऊ लागतात, आणि त्यातले प्रश्न बहुतेक तेच असतात. तंबू बघताना माणसं दिवसाचा विचार करतात: रंग कसा आहे, खिडक्या किती, आत कितपत मोकळं वाटतं. मी त्यांना एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणायला सांगते. रात्रीचे दोन वाजलेत, बाहेर पाऊस आहे, सगळे आत आहेत आणि कोणाला तरी बाहेर जायचंय. त्या घटकेला जो तंबू सोयीचा ठरेल तो घ्या. खालची सगळी उत्तरं याच हिशोबाने दिली आहेत.

आम्ही सहा जण आहोत. ‘सहा जणांचा’ तंबू पुरेल ना?

आडवं व्हायला पुरेल, राहायला पुरणार नाही. पिशवीवरचा आकडा हा जमिनीवर शेजारी शेजारी किती मॅट मावतात याचा असतो. साधी मॅट साधारण ५१ सें.मी. रुंद असते. माणूस कुशीवर वळतो, हात पसरतो, गुडघे पोटाशी घेतो, याचा त्या आकड्यात विचार नसतो. सॅक, बूट, ओले कपडे आणि पाण्याच्या बाटल्या यांनाही त्यात जागा धरलेली नसते.

चार जणांच्या तंबूत आम्ही चौघी झोपलो होतो, ती रात्र मला अजून आठवते. मी कडेला होते. सॅक बाहेर ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या पायथ्याशी रचल्या. त्यामुळे पाय आखडून घ्यावे लागले आणि स्लीपिंग बॅगचं एक टोक रात्रभर भिंतीला टेकून राहिलं. पहाटे जाग आली ती पायाला लागलेल्या गारव्याने. बॅगचा तळाकडचा वीतभर भाग चिंब झाला होता, आणि पाऊस तर पडलाच नव्हता. भिंतीवर आतून जमलेलं पाणी बॅगने शोषून घेतलं होतं.

म्हणून सहा जणांसाठी किमान आठ जणांचा तंबू धरा, किंवा तीन-तीन जणांचे दोन तंबू न घेता चार-चार जणांचे दोन घ्या. सॅक गाडीत राहणार असतील तर एखाद्या आकड्याची सूट घेता येईल.

आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग बघायचं काय?

जमिनीचं माप. ते सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं, दिलेलं नसेल तर मागून घ्या. मग घरच्या फरशीवर चिकटपट्टीने तो चौकोन आखा, त्यात मॅट अंथरा आणि खरोखर आडवे व्हा. दहा मिनिटांचं काम आहे, पण यातून जे कळतं ते कुठल्याही वर्णनातून कळत नाही. ओळीतल्या मधल्या माणसाला उठून त्या चौकोनाच्या बाहेर जायला सांगा. तो कितीजणांना ओलांडून जातो ते मोजा.

लांबीकडे विशेष लक्ष द्या. तंबूच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे जमिनीवर २१० सें.मी. लांबी असली तरी डोक्याच्या आणि पायाच्या उंचीवर ती कमी होते. गटातल्या सर्वात उंच माणसाच्या उंचीत ३० सें.मी. मिळवा आणि निदान तेवढी लांबी बघा. आतली उंचीही याच कारणाने फसवी असते. १९० सें.मी. असं लिहिलेलं माप हे बरोबर मध्यावरचं असतं. घुमटाकार तंबूत दोन पावलं बाजूला सरकलात की मान वाकवावी लागते.

एक मोठा तंबू घ्यावा की दोन-तीन लहान?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सगळ्यात उशिरा विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक गटांसाठी दोन-तीन लहान तंबू आणि सगळ्यांनी एकत्र बसण्यासाठी वर बांधलेली एक मोठी ताडपत्री, ही जोडणी एका भल्यामोठ्या तंबूपेक्षा चांगली.

पहिलं कारण जागेचं. तीन मीटर बाय तीन मीटरच्या तंबूला बाजूचे दोर ताणायला सगळीकडून आणखी मीटर-दीड मीटर लागतो. म्हणजे पाच-सहा मीटर लांब आणि तेवढीच रुंद, सपाट, बिनदगडांची जमीन हवी. ती सहज मिळत नाही. लहान तंबूला जागा शोधणं सोपं जातं, आणि प्रत्येक तंबू त्याच्या जागेच्या सोयीने वळवता येतो.

दुसरं वाऱ्याचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. उंच, सरळ भिंतींचा मोठा तंबू हा दाब अंगावर घेतो. बुटका तंबू वारा वरून जाऊ देतो.

तिसरं कारण म्हणजे सगळं एकाच खुंटीला टांगलेलं नसतं. एका तंबूचा पोल मोडला, शिवण उसवली तर त्यातली माणसं बाकीच्या तंबूंत दाटीवाटीने का होईना, पण कोरडी झोपतात. एकच तंबू असेल आणि तोच कोसळला तर सगळा गट उघड्यावर येतो.

आणि झोपेचं. कोणी नऊला झोपतं, कोणाच्या गप्पा बारापर्यंत चालतात, कोणी जोरात घोरतं. एका तंबूत एकाची जाग ही सगळ्यांची जाग होते. घोरणाऱ्याला वेगळा तंबू देण्यात कोणाचाही अपमान नाही. निघायच्या आधी मोकळेपणाने बोलून ठरवलं तर तो माणूसही निर्धास्त झोपतो.

मोठा तंबू कधी घ्यावा? लहान मुलं असलेलं कुटुंब एकत्र झोपणार असेल तेव्हा. गटात वयस्क माणसं असतील, ज्यांना उभं राहून कपडे बदलता येणं गरजेचं आहे, तेव्हा. किंवा गाडी थेट जागेवर जाते, मुक्काम तीन-चार रात्रींचा आहे आणि हवा शांत आहे, तेव्हा. अशा वेळी मध्ये कापडी पडदा लावून दोन खोल्या करता येतील असा तंबू बघा.

घुमट, बोगदा, केबिन, पॉप-अप… यांतला नेमका फरक काय?

घुमटाकार तंबूत दोन किंवा तीन पोल माथ्यावर एकमेकांना छेद देतात. तो खुंट्यांशिवायही उभा राहतो, त्यामुळे उचलून जागा बदलता येते, आणि निघताना दार खाली धरून आतला कचरा झाडता येतो. मध्यम आकारापर्यंत हा प्रकार सगळ्यात भरवशाचा.

बोगद्यासारख्या तंबूत पोल एकापाठोपाठ एक समांतर कमानींसारखे असतात. त्याच वजनात यात जागा जास्त मिळते. पण तो खुंट्या आणि दोरांच्या ताणावरच उभा असतो, म्हणून खडकाळ जमिनीवर त्रास देतो. याचं निमुळतं तोंड वाऱ्याकडे करायचं असतं. आडवा लावलात तर वारा त्याची कूस दाबत राहतो.

केबिनच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, आत ऐसपैस वाटतं, पण वाऱ्यापुढे हा सगळ्यात कच्चा. पॉप-अप तंबू फेकला की उघडतो, हे खरं. मात्र मिटवला की मोठ्या ताटासारखा गोल होतो, सॅकमध्ये मावत नाही, आणि मिटवायची युक्ती अंगवळणी पडलेली नसेल तर परतीच्या दिवशी खूप दमवतो. एखाद्या रात्रीसाठी, चांगल्या हवेत ठीक आहे. पोलऐवजी हवेच्या नळ्या असलेले तंबूही मिळतात. पंपाने काही मिनिटांत उभे राहतात, पण जड असतात, गाडी जागेपर्यंत जात असेल तरच विचार करा.

उंच डोंगरावर वापरतात ते जिओडेसिक तंबू म्हणजे अनेक ठिकाणी छेदणाऱ्या पोलांची जाळी. बकमिन्स्टर फुलर यांनी इमारतींसाठी १९५४ मध्ये ज्या घुमटाचं पेटंट घेतलं, त्याच त्रिकोणांच्या जाळीचं हे तत्त्व. नॉर्थ फेस कंपनीने १९७५ मध्ये ‘ओव्हल इन्टेन्शन’ या तंबूत ते आणलं. भार एका पोलावर न येता सगळ्या जाळीत वाटला जातो, त्यामुळे बर्फ आणि वादळ दोन्ही सोसतं. साध्या सहलीला एवढ्या मजबुतीची आणि तिच्या किमतीची गरज नसते.

‘३००० मि.मी. वॉटरप्रूफ’ म्हणजे काय?

कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि त्याची उंची वाढवत नेतात. कापडाच्या आरपार तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबतात. तो स्तंभ ३००० मि.मी., म्हणजे तीन मीटर उंच असताना हे घडलं तर कापड ३००० मि.मी.चं. वरच्या कापडाला १५०० मि.मी. साध्या पावसात चालतं. रात्रभर झोडपणारा पाऊस अपेक्षित असेल तर ३००० च्या आसपासचं घ्या. तळाच्या कापडाला याहून जास्त हवं, ५००० च्या पुढे असेल तर उत्तम, कारण ओल्या जमिनीवर तुम्ही गुडघा टेकता तेव्हा सगळं वजन तेवढ्याशा जागेवर येतं आणि पाणी दाबाने वर ढकललं जातं.

पण आकड्यात अडकू नका. पाणी कापडातून क्वचितच येतं, ते येतं शिवणीतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा आणि कोपऱ्यांवर बोट फिरवून ती सुटलेली नाही ना याची खात्री करा. सुटली असेल तर शिवणीला लावायचं सीलंट मिळतं. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला मात्र सिलिकॉनचंच सीलंट लागतं, दुसरं धरत नाही.

वरचं कापड, म्हणजे फ्लाय, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली आलं पाहिजे. टोपीसारखी नुसती माथ्यावर बसणारी फ्लाय तिरक्या पावसात निरुपयोगी ठरते. ३००० चा आकडा आणि टोपीएवढी फ्लाय, असे तंबू मी अनेकदा पाहिले आहेत.

पाऊस नव्हता तरी सकाळी तंबू आतून ओला होता. गळतो का?

बहुतेक वेळा नाही. झोपेत एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सहा जण म्हणजे सुमारे दीड लिटर. ती वाफ गार कापडाला लागली की दव होऊन चिकटते.

म्हणूनच दुहेरी भिंतीचा तंबू घ्या: आत जाळीचा किंवा श्वास घेणाऱ्या पातळ कापडाचा तंबू, त्यावर थोडं अंतर सोडून फ्लाय. दव फ्लायच्या आतल्या बाजूला धरतं आणि ओघळून बाहेर जातं, तुमच्या अंगावर पडत नाही. दोन्ही कापडं एकमेकांना चिकटली तर हा फायदा संपतो, म्हणून फ्लाय नीट ताणलेली हवी. माथ्याजवळ हवा जायला झरोका असायलाच हवा आणि थंडी वाजली तरी तो बंद करायचा नाही. गरम, दमट हवा वर चढते. तिला वाट दिली नाही की ती पाणी होऊन खाली येते. पाण्याच्या काठावर आणि अगदी उघड्या आकाशाखाली दव जास्त धरतं, थोड्या आडोशाला कमी.

ओले कपडे रात्री आत वाळत घालू नका. त्यातलं सगळं पाणी भिंतींवरच जातं.

दारं किती असावीत?

दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर किमान दोन, समोरासमोर. रात्री दोन वाजताचा प्रसंग आठवा. एकच दार आणि शेवटचा माणूस पलीकडच्या भिंतीशी असेल, तर त्याच्या प्रत्येक फेरीला सगळ्यांच्या पायांवर पाय पडतात. दोन दारांमुळे हवाही आरपार खेळते.

चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी, जाड दात्यांची असावी. दुकानातच ती पंधरा-वीस वेळा उघडून-मिटून बघा. कापड चेनमध्ये अडकत असेल तर तो तंबू घेऊ नका. अंधारात, घाईत ती तिथेच फाटणार. मच्छरदाणीच्या जाळीला वेगळी चेन आहे का तेही बघा, म्हणजे दार उघडं ठेवून जाळी बंद करता येते.

पुढची पडवी खरंच लागते का?

लागते. व्हेस्टिब्युल किंवा पोर्च म्हणतात ती हीच. फ्लायचा पुढे आलेला हा भाग बूट, ओले रेनकोट आणि सॅक यांची जागा आहे. पडवी नसेल तर दार उघडताच पाऊस थेट अंथरुणावर येतो. निवड दोन तंबूंत अडली असेल तर मोठी पडवी असलेला घ्या.

पोल फायबरग्लासचे की अॅल्युमिनिअमचे?

शक्य असेल तर अॅल्युमिनिअमचे. हलके असतात आणि जास्त ताण आला तर बहुधा वाकतात. वाकलेला पोल हळूच सरळ करून रात्र निभावून नेता येते. फायबरग्लास स्वस्त पण जड. तो उभा चिरतो, थंडीत जास्त ठिसूळ होतो आणि त्याच्या बारीक कुसळांनी हात सोलवटतात. मोठ्या आणि स्वस्त तंबूंना बहुतेक वेळा फायबरग्लासच येतो. तसा घेतलात तर पोल जितका जाड तितका बरा.

पोल कुठलाही असो, सोबत दुरुस्तीची नळी ठेवा. बोटभर लांबीची धातूची नळी असते, मोडलेल्या जागेवर सरकवायची आणि दोन्ही बाजूंनी कापडी टेप घट्ट गुंडाळायचा. एकदा पहाटेच्या वाऱ्यात आमचा पोल कडकन मोडला आणि त्याच्या टोकाने फ्लायला हातभर चीर पाडली. नळी सॅकच्या वरच्या कप्प्यात होती म्हणून पाच मिनिटांत तंबू परत उभा राहिला. चीर आतून आणि बाहेरून टेप लावून बंद केली, आणि त्या टेपवर आम्ही उरलेल्या दोन रात्री काढल्या.

पोल जोडताना आतल्या रबरी दोराच्या जोरावर ते फटाफट उडू देऊ नका. टोकं चिरतात. एकेक तुकडा हाताने शेवटपर्यंत बसवा, आणि कापडी बाहीतून काढताना ओढू नका, ढकला. ओढला की तो मध्येच सुटतो.

नायलॉन, पॉलिएस्टर, कॅनव्हास… कापड कोणतं?

गटाच्या सहलीला पॉलिएस्टर पुरेसं असतं. ते ओलं झालं तरी सैल पडत नाही आणि उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. नायलॉन वजनाच्या मानाने मजबूत, म्हणून पाठीवर न्यायच्या तंबूंत वापरतात. पण ते पाणी पिऊन ताणतं, म्हणून पावसात झोपण्याआधी एकदा बाहेर येऊन सगळे दोर पुन्हा ओढावे लागतात. सुती कॅनव्हास हवा खेळती ठेवतो, उन्हात कमी तापतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण फार जड असतो आणि ओला गुंडाळून ठेवला की लगेच बुरशी धरतो. नवा कॅनव्हास सहलीआधी एकदा भिजवून वाळवायचा असतो. सूत फुगतं आणि शिवणीची भोकं बुजतात.

कापडावर ‘डी’ या अक्षराच्या आधी जो आकडा असतो तो डेनिअर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, धागा जाड. तळाला वरच्या कापडापेक्षा जाड धागा असावा, इतकंच लक्षात ठेवा.

पाठीवर न्यायचा असेल तर वजन किती चालेल?

माणशी सव्वा ते दीड किलो तंबूपायी ठीक. दोघांचा चांगला तंबू दोन-सव्वादोन किलोचा असतो, म्हणजे सहा जणांना असे तीन तंबू सहा-सात किलोंत होतात. सहा जणांचा एकच मोठा तंबू सहज दहा किलोंच्या पुढे जातो आणि तो कोणा एकाच्या सॅकमध्ये मावत नाही.

तंबू वाटून घ्या: एकाकडे आतलं कापड, दुसऱ्याकडे फ्लाय, तिसऱ्याकडे पोल आणि खुंट्या. मात्र वाटणी एकत्र चालणाऱ्यांतच करा. फ्लाय असलेला माणूस दोन तास मागे राहिला आणि पाऊस आला तर बाकीचं सामान पाठीवर असूनही उपयोग नाही. प्रत्येक तंबूच्या सामानाला वेगळ्या रंगाची टेप लावा. तीन तंबूंचे पोल एका ढिगात मिसळले की अंधारात ते वेगळे करताना अर्धा तास जातो.

तंबूबरोबर आलेल्या खुंट्या आणि दोर पुरतात का?

क्वचितच. बारीक तारेच्या खुंट्या कडक जमिनीत वाकतात आणि मऊ जमिनीत सुटतात. व्ही किंवा वाय आकाराच्या अॅल्युमिनिअमच्या खुंट्या वेगळ्या घ्या आणि गरजेपेक्षा चार-सहा जास्त ठेवा. वाळूत रुंद, लांब खुंट्या लागतात. त्या नसतील तर पिशवीत वाळू भरून दोर तिला बांधा आणि पिशवी पुरा. खडकावर मोठे धोंडे वापरता येतात.

खुंटीचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं असावं आणि दोर तिच्याशी साधारण काटकोन करावा. ती पूर्ण जमिनीत जाऊ द्या, अर्धवट बाहेर राहिलेली खुंटी तरफेसारखी हलून उपटते. दोर सगळे बांधा, अगदी संध्याकाळी वारा पडलेला असला तरी. मध्यरात्री वारा सुटल्यावर टॉर्च तोंडात धरून दोर बांधण्याची वेळ मी अनुभवली आहे, तुमच्यावर ती येऊ नये. उजेडात चमकणारे दोर असतील तर रात्री कोणी अडखळणार नाही, आणि लहान मुलं असतील तर ते हवेतच.

खाली वेगळी ताडपत्री अंथरावी का?

हो, पण तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी चार-पाच बोटं लहान. बाहेर डोकावणारी ताडपत्री पाऊस झेलते आणि ते सगळं पाणी थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते. मोठी असेल तर कडा आत, खालच्या बाजूला दुमडा.

तंबू लावायला जागा कशी निवडायची?

खोलगट सपाटी मोहात पाडते, पण पाणी तिथेच येतं. कोरडा ओहोळ किंवा नदीपात्र नकोच. पाऊस दूर वर कुठेतरी पडतो आणि लोंढा रात्रीत इथे पोचतो. वर बघा: झाडाच्या वाळक्या फांद्या डोक्यावर नसाव्यात. एकट्या उंच झाडाखाली आणि उघड्या माथ्यावर विजेचा धोका असतो, आणि तंबू विजेपासून अजिबात संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू येऊ लागला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. थोडा उतार असेल तर डोकं चढाकडे ठेवून झोपा. दोन तंबूंत दोर ओलांडता येतील एवढं अंतर सोडा.

पाऊस पडत असतानाच तंबू लावायचा असेल तर?

काही तंबूंत फ्लाय आधी उभी राहते आणि आतला तंबू नंतर तिच्या आत टांगतात. पावसाळी भागात असाच तंबू घ्या. उलट प्रकारात आतलं कापड आधी लावावं लागतं आणि फ्लाय चढेपर्यंत ते भिजतं. तसाच तंबू असेल तर आधी मोठी ताडपत्री वर बांधा आणि तिच्या आडोशाला तंबू जोडा. गटात हात भरपूर असतात, चौघांनी ताडपत्रीचे कोपरे धरले तरी काम भागतं.

थंडीत किंवा पावसात तंबूत स्टोव्ह पेटवला तर चालेल का?

नाही. कोळसा, शेगडी, गॅसचा स्टोव्ह, कंदील, मेणबत्ती, काहीही नाही. पडवीतही नाही, आणि ‘पाच मिनिटांसाठी’ही नाही.

धोके दोन आहेत. तंबूचं कृत्रिम कापड काही क्षणांत पेटतं, वितळतं आणि अंगाला चिकटतं. आगरोधक लेप असला तरी कापड जळत नाही असा त्याचा अर्थ नाही. दुसरा धोका दिसत नाही: कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं दमल्यामुळे झोप येतेय, आणि तो पुन्हा उठत नाही. विझत आलेले निखारेही हा वायू सोडतात, म्हणून ऊब म्हणून ते आत आणू नका. कोणाला अशी लक्षणं दिसली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि वैद्यकीय मदत बोलवा.

थंडीसाठी उपाय खालून करा. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे आणखी एक मॅट ही आणखी एका पांघरुणापेक्षा जास्त उपयोगी पडते. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. स्वयंपाक उघड्यावर, तंबूंपासून बऱ्याच अंतरावर करा.

विकत घ्यावा की भाड्याने?

वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याने. पण निघायच्या दिवशी बंद पिशवी ताब्यात घेऊ नका. आदल्या दिवशी घ्या आणि अंगणात, गच्चीवर, जिथे जमेल तिथे पूर्ण उभा करा. एकदा भाड्याने आणलेल्या तंबूच्या पिशवीत आम्हाला फ्लाय दुसऱ्याच मापाची निघाली, आणि हे कळलं तेव्हा अंधार पडला होता. दोन दोरांच्या आधाराने ती कशीबशी ताणली, पण एक बाजू रात्रभर उघडीच राहिली.

वापरलेला विकत घेत असाल तर कापडाच्या आतल्या बाजूला हात लावा. चिकट लागलं, आंबूस वास आला, तर जलरोधक लेप गेला आहे. तो परत येत नाही.

परत आल्यावर काय करायचं?

त्याच दिवशी तंबू उघडा आणि पूर्ण वाळवा, सावलीत, वारा असेल तिथे. ओल्या कापडाला दोन दिवसांतही बुरशी धरते आणि तिचे डाग जात नाहीत. वॉशिंग मशीनमध्ये अजिबात घालू नका. कोमट पाण्यात स्पंज बुडवून डाग पुसा. तळ आणि कोपरे शेवटी वाळतात, शिवणीच्या जाड पट्ट्या त्याहून उशिरा. बोटांत धरून त्या गार लागत नाहीत ना हे बघा.

दर वेळी त्याच घड्या घालू नका, लेपाला त्या रेषांवर तडे जातात. कंपनीच्या आवळ पिशवीऐवजी जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. गटाचा तंबू असेल तर तो कोणाच्या घरी आहे, किती खुंट्या परत आल्या आणि काय दुरुस्त करायचं राहिलंय, एवढं एका चिठ्ठीवर लिहून त्या अभ्र्यातच टाका.